रोज बहिणीशी बोलते, मग थेरपी कशाला?

प्रश्न : वय ३९. गाव विट्याजवळ. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, दुकान तामिळनाडूत. वर्षातून दोनदा-तीनदा येतात. इथे मी, सासू-सासरे आणि धाकटा मुलगा. पैशाला कमी नाही, कुणाचा जाच नाही. तरी दीड वर्ष झालं, तिन्हीसांजेला जीव खाली-वर होतो, रडू येतं, कशात मन लागत नाही. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. मुलगी सांगलीला कॉलेजात आहे, ती म्हणते थेरपी घे. पण नुसतं बोलून काय होणार? बहिणीशी तर मी रोज तासभर बोलते. गोळ्या लागतील का? घरी कळलं तर? आणि किती वेळा यावं लागतं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं "कुणाचा जाच नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. सांगलीत समुपदेशनाचं काम करायला लागून मला एकवीस वर्षं झाली आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या कित्येक बायका सुरुवात याच वाक्यानं करतात. नवरा चांगला आहे, सासू बरी आहे, खायला-प्यायला आहे, आणि मग पदर डोळ्याला. जणू आधी जाचाचा दाखला काढायचा आणि तो दाखवल्यावरच रडायचं. असा कुठला नियम नाही. जीव खाली-वर होतोय, दीड वर्ष होतोय, एवढं कारण पुरेसं आहे.

आता बहिणीबद्दल. तिच्याशी बोलणं बंद करू नका, हे पहिलं. ज्या बाईला रोज तासभर ऐकणारी बहीण आहे तिचं निम्मं ओझं तिथंच हलकं होत असतं. पण बहीण तुमच्या बाजूची आहे, आणि अडचणही तीच आहे. तुम्ही काही सांगितलं की लगेच तिलाही तुमच्यासारखाच राग येतो, तिलाही तिच्या सासूची गोष्ट आठवते, मग दोघी मिळून तोच विषय उगाळता. फोन ठेवल्यावर तासभर बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. शिवाय बहिणीला काही गोष्टी सांगता येत नाहीत, कारण त्या माहेरी पोचतात. आणि काही सांगता येत नाहीत कारण त्या तिच्याबद्दलच असतात.

फरक कुठे पडतो ते एका प्रसंगातून दाखवते. दोन-तीन जणींचे अनुभव मी यात मिसळलेत, त्यामुळे कुणी ओळखायचा प्रयत्न करू नये.

एक बाई यायच्या. पलूस भागातल्या, चाळिशीच्या आतबाहेर. त्या आठवड्याची तक्रार ही, की भाकरी थापायला बसल्या तर सासू म्हणाली, "राहू दे, मी करते." त्यावरून दिवसभर रडल्या, जेवल्या नाहीत. बहिणीला फोन केला होता. बहीण म्हणाली, "असूंदे की, तिचा स्वभावच तसला." मी विचारलं, त्या नेमकं काय म्हणाल्या, शब्द सांगा. "राहू दे, मी करते." बरं, आणि तुम्हाला काय ऐकू आलं?

यावर बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मी मध्ये बोलले नाही. या कामात न बोलणं शिकायलाच मला जास्त वर्षं लागली. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्याच्यानं काय व्हायचं नाही." हे कोण म्हणालं? "सासू." सासू तर 'राहू दे, मी करते' म्हणाली. पुन्हा शांतता. मग चौथीतली गोष्ट निघाली. गणित अडलेलं, वडिलांनी हातातली पाटी काढून भावाला दिली होती आणि हेच वाक्य म्हटलं होतं. तीस वर्षं ते वाक्य आत बसून होतं आणि कुणीही हातातलं काम काढून घेतलं की तेच ऐकू यायचं. ऑफिसात साहेबानं फाईल दुसऱ्याला दिली तरी तेच.

इथपर्यंत आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, गाठ सुटली. तशी सुटत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी धीर करून सासूला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी मला का उठवलं?" माझ्या मनात आलेलं, सासू म्हणेल, अगं तुझी कंबर दुखत होती म्हणून. सासू म्हणाली, "तुझ्या भाकरीला पदर सुटत नाही म्हणून." म्हणजे टोमणा होताच! पण तो भाकरीपुरता होता. बाई मला सांगताना हसल्या. "मॅडम, माझ्या भाकरीला खरंच पदर सुटत नाही ओ." भाकरी जमत नाही आणि मी कुचकामी आहे, ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. ती वेगळी करायला आम्हाला पाच-सहा भेटी लागल्या. बहीण हे करू शकली नसती. तिच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, तर 'तिनं नेमके शब्द काय वापरले' असं विचारलं असतं तर तुम्हीच चिडला असता, तू तिच्या बाजूनं बोलतेस म्हणून.

ही माझी कल्पना नाही. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत घडवली : घटना, तिला आपण लावलेला अर्थ आणि त्यातून होणारा त्रास, या तीन गोष्टी सुट्या करायच्या आणि मधली तपासायची. एलिस यांची पद्धत मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी, 'विवेकनिष्ठ' हा शब्द तिथूनच आमच्या तोंडी बसला. 'सकारात्मक विचार करा' हा सल्ला यात कुठेच येत नाही हे लक्षात घ्या. खोटं गोड बोलून मनाला फसवता येत नाही, मन हुशार असतं.

आणखी एक सांगते, कारण मला ती गोष्ट फार आवडते. 'बोलून बरं होणं' याला नाव दिलं ते डॉक्टरनं नव्हे, एका तरुण बाईनं. व्हिएन्ना शहरात १८८० मध्ये बेर्था पापेनहाइम नावाची एकवीस वर्षांची मुलगी आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतः आजारी पडली. डॉक्टर ब्रॉयर रोज येऊन तिचं ऐकायचे. त्या प्रकाराला ती 'बोलण्याचा उपचार' म्हणायची आणि थट्टेत 'धुराडं झाडणं'. ती त्या उपचारानं लगेच खडखडीत बरी झाली असं मात्र नाही, त्यानंतरही तिला इस्पितळात राहावं लागलं. पुढे ती स्त्रियांसाठी काम करणारी मोठी कार्यकर्ती झाली. मला तिचा धुराड्याचा शब्द पटतो. चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईला सांगायला नको, धुराडं झाडायला घेतलं की पहिली काजळी आपल्याच डोक्यावर पडते. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर काहींना जास्तच रडू येतं, रात्री जुनी स्वप्नं पडतात, थकवा येतो. तेव्हा बायका म्हणतात, आम्हाला हे सोसलं नाही, आणि येणं बंद करतात. असं झालं तर बंद करू नका, समोरच्याला सांगा. वेग कमी करता येतो.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट राहिलेली दिसली. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली. थायरॉईड बघितलं का? हिमोग्लोबिन? बी-१२? तुमच्या वयाला थायरॉईड कमी पडलं तरी असंच होतं : गळून जाणं, रडू येणं, कशात मन न लागणं. रक्त कमी असेल तरी जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं. पाळी पुढेमागे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, पाळी जाण्याआधीची काही वर्षं मनाला बरीच हलवतात. आधी रक्त तपासून घ्या. रक्तातल्या दुखण्यावर मी सहा महिने गप्पा मारत बसले तर तो गुन्हाच.

गोळ्यांचं विचारलंत. मी गोळ्या देत नाही, मला तो अधिकारच नाही. तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. पण सगळ्यांना लागतात असं नाही आणि लागल्या तर कमीपणा नाही. आम्ही पहिल्या भेटीत बहुधा नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतो, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, मन लागतं का, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहाच्या पुढे गेलं की मी लक्ष देऊन बघते, वीसच्या आसपास असेल तर डॉक्टरांकडे पाठवतेच. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, अंथरुणातून उठवत नाही, कानात आवाज येतात, किंवा बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघतच नाही, अशा वेळी नुसत्या बोलण्यावर थांबणं धोक्याचं. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची चटक लागत नाही, पण डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करायच्या नसतात. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच शेजारणीकडून मागून घेतल्या जातात.

त्या कागदावरचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो मी तोंडी, सरळ विचारते. "जगू नये असं वाटतं का? काही करायचं मनात आलं होतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरतं ही भीती खोटी आहे. उलट बायका सुस्कारा सोडतात, की कुणीतरी विचारलं. तुम्हाला कधी तसं वाटलं तर माझ्या पुढच्या ओळी वाचत बसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शेतीच्या औषधाचे डबे घरात असतील तर ते दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवायला सांगा. आमच्या जिल्ह्यात ही सूचना मी द्राक्षवाल्या घरात न चुकता देते.

आता जरा तुमच्या तिन्हीसांजेकडे येऊ. ती वेळ मला महत्त्वाची वाटते. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांच्या बायका माझ्याकडे येत राहिल्यात. तीन मजली घर, वरचे दोन मजले बंद. घरातला दर एक निर्णय बाई घेते, बोअर मारायची ती बघते, मुलांच्या फिया, सासऱ्यांचं ऑपरेशन, भावकीतली लग्नं, पण गावात म्हणायचं "मालकांनी केलं". नवरा आहे, रोज व्हिडिओ कॉलवर दिसतो, पण हाताला लागत नाही. तो मेलेला नाही, सोडून गेलेला नाही, मग दुःख कशाचं करायचं? तक्रार केली तर कृतघ्न ठरायची भीती, कारण तो तिकडे भट्टीपुढे राबतोय ते आपल्यासाठीच. तुमचं असंच आहे असं मी म्हणत नाही, मी तुम्हाला भेटलेले नाही. पण तुमची लेक घरातून सांगलीला गेली ती केव्हा, आणि तुमचं दीड वर्ष कधी सुरू झालं, हे मी पहिल्या भेटीत नक्की विचारीन.

मग आम्ही संध्याकाळी सहा ते आठ काय काय होतं ते बारकाईनं लिहून काढू. असाच त्रास असलेल्या एका बाईंचं सांगते. सासरे टीव्हीसमोर, मुलगा क्लासला, ही ओट्यापाशी उभी, अंधार पडतोय. तिला मी छंद जोपासा वगैरे सांगितलं नाही, त्या सल्ल्याची मला चीड आहे. डेअरीला दूध घालायला गडी जायचा, ते काम तिनं संध्याकाळचं स्वतःकडे घ्यायचं एवढंच ठरलं. वीस मिनिटं चालणं, रांगेत दोन बायका, फॅटवरून कुरकुर. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, जावंसं वाटतच नव्हतं. बरोबर आहे. मन लागल्यावर बाहेर पडू म्हटलं तर मन लागत नाही, आधी पाय बाहेर पडावे लागतात, मन चार दिवसांनी मागून येतं. उदासीवरच्या उपचारात या बारक्या कामांना मोठी किंमत आहे.

नोंद ठेवणं हा थेरपीतला नेहमीचा गृहपाठ, पण आपल्याकडे बाईनं वही लिहिली की ती वाचली जाते. यावर माझ्याकडे आलेल्या एका बाईनंच तोड काढली आणि मी ती आता सगळ्यांना देते. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी सांगावी लागत नाही. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं, तेव्हापासून पावसाळ्यात घराघरांत आकडेच बोलले जातात. (तुम्ही विट्याकडची माणसं, तुम्हाला पुराचं काय, तुम्ही टेंभू योजनेच्या पाण्याची वाट बघणार. पण बातम्यांत आकडे ऐकलेच असतील.) या बाई सांगलीच्या गावभागात राहायच्या. पहिल्या भेटीत मी विचारलं, त्रास शून्य ते दहामध्ये किती? त्यांना सांगता येईना. मग म्हणाल्या, "आत्ता बघा, त्रेचाळीसवर आहे." दोघींना एकदम कळलं.

त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज रात्री एक आकडा लिहायच्या. ३१. ३६. ४२. घरच्यांना वाटायचं गॅसचा नाहीतर भिशीचा हिशेब. महिन्याअखेर तो कागद फोटो काढून आणला तर दिसलं की दर गुरुवारी आकडा चढतो. गुरुवारी नणंद यायची. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं, त्या म्हणायच्या, "माझं काय सारखंच असतंय." सारखं नव्हतं. आणि एकदा कोणत्या वारी पाणी चढतं ते कळलं की पंचेचाळीसची वाट न बघता चाळीसलाच सामान वर हलवता येतं. गुरुवारी दुपारी त्या तासभर झोप काढायला लागल्या, नणंदेच्या आवडीचा बेत करणं सोडलं, आणि संध्याकाळी बहिणीला फोन. बहीण इथे पुन्हा कामाला आली.

घरी कळेल का, हा प्रश्न बायका सगळ्यात हळू आवाजात विचारतात. माझ्याकडून कळणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्याच्या तेविसाव्या कलमात उपचारांबद्दलच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा व्हायची शक्यता असेल, न्यायालयानं मागितलं, अशा थोड्या अपवादांत माहिती द्यावी लागते, आणि ते अपवाद कोणते हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. नवऱ्यानं फोन करून "काय म्हणाली ती" विचारलं तर मी एवढंच म्हणते, त्यांनाच विचारा. हे झालं कायद्याचं. गावाचं वेगळं. विश्रामबागेत माझी खोली एका औषध दुकानाच्या वर आहे आणि जिन्यात दातांच्या डॉक्टरांची पाटी आहे, त्या पाटीनं किती जणींची अब्रू राखली असेल कोण जाणे. मंडईत भेट झाली तर मी आधी ओळख दाखवत नाही, तुम्ही हसलात तर हसेन. फोनवर सेशन घेणाऱ्या बायका गच्चीवर वाळवण राखायला म्हणून जातात. आमचा एक परवलीचा शब्द ठरलेला असतो. मध्येच "बरं, भिशीचं नंतर बघू" असं ऐकू आलं की समजायचं, कुणीतरी वर आलं, आणि मीही भिशीबद्दल बोलते.

पण चोरून येणं फार दिवस चालवू नये असं माझं मत आहे. घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावं. तुमच्या बाबतीत ते माणूस आहेच, तुमची लेक.

किती वेळा यायचं? आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. तुम्ही लिहिलंय तशा त्रासाला साधारण बारा ते वीस भेटी धराव्यात, काहींचं आठात भागतं, जुनी खोल जखम असेल तर वर्षही लागतं. मी सहाशे रुपये घेते, ज्यांना जमत नाही त्यांचं आपसात ठरवते. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे केस पेपर काढला की झालं, गर्दीची तयारी ठेवायची एवढंच. विट्याहून येणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट ही झाली की मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. माझ्याकडे दर आठवड्याला न चुकता येणाऱ्या खेड्यातल्या बायका तेव्हापासून वाढल्या. थेरपीच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं.

कुणाकडे जावं ते जरा बघून ठरवा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदवी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर, ते औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. समुपदेशक म्हणजे माझ्यासारखे, मानसशास्त्रात एमए आणि पुढचं प्रशिक्षण घेतलेले. आमच्यात मात्र सगळ्या प्रकारची माणसं घुसलीत, तीन दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारीही. शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलं, हे बिनधास्त विचारा. ज्याला राग येईल त्याच्याकडून उठून या. पहिल्या दिवशी "तीन भेटींत बरं करतो" म्हणणारा, अंगाला हात लावणारा, तुमच्या देखत दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी सांगणारा, ग्रहाची शांत सुचवणारा, यांच्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. आणि सगळं नीट असूनही तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर बदला. पद्धत कोणती यापेक्षा दोघांमधलं नातं कसं जमतं यावर बराच गुण अवलंबून असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. सोडून गेलेल्या बाईचा राग धरणारी समुपदेशक कच्ची समजावी.

माझी एक चूक सांगते, म्हणजे आमच्यावर आंधळा विश्वास टाकणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण सून आली होती, घरातली सगळी कामं तिच्यावर. मी दुसऱ्याच भेटीत उत्साहानं सांगितलं, "नाही म्हणायला शिका." ती शिकली, त्याच संध्याकाळी. सगळ्यांसमोर, पाहुणे असताना. तिला माहेरी पाठवलं गेलं, दोन महिने. ती परत आली माझ्याकडे, रागावली नाही, ते मला जास्त लागलं. तिच्या घरात 'नाही'ची किंमत काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी सल्ला द्यायला घाबरते आणि ते बरंच आहे. 'नाही'च्याही पायऱ्या असतात. "आत्ता नको, चारला करते" ही पहिली.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगते. घरात मारहाण असेल तर थेरपी म्हणजे सोसायला शिकणं नव्हे, आणि अशा वेळी नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घालायचाही नसतो. खोलीत ती खरं बोलली तर घरी जाऊन मार खाते. तिथे आधी सुरक्षितता : १८१ ही महिला हेल्पलाइन, ११२ पोलिसांचा, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, त्यात संरक्षण अधिकारी असतात. तुमचं तसं नाही हे तुम्ही लिहिलंय. पण हे उत्तर दुसरी कुणीतरीही वाचेल.

थेरपीनं काय होणार नाही तेही सांगते. सासू बदलणार नाही. मालकांचं दुकान विट्याला येणार नाही. तुम्ही चोवीस तास हसतमुख होणार नाही, आणि कुणी तुम्हाला तसं बनवायला निघालं तर पळा. बदल दिसतो तो बारीक आणि कधीकधी घरच्यांना न आवडणारा. "पहिल्यासारखी राहिली नाही" असं सासरे म्हणतात. मला तो शेरा कानावर आला की बरं वाटतं, जरी त्या दिवशी ती बाई रडत आलेली असली तरी. तिनं शेरा ऐकला, रडली, आणि तरी संध्याकाळी डेअरीला गेली, इतपतच प्रगती असते एका महिन्याची. मालकांनाही एखाद्या फोनवर "बरी आहे" ऐवजी "आज बरं नव्हतं" असं सांगून बघा. नवरे यावर काय बोलतात याचे माझ्याकडे नाना नमुने आहेत. बरेच जण गप्प होतात. एक जण तिकडून म्हणाला होता, "माझंबी तसंच हाय."

पहिल्या भेटीला काय बोलायचं याची तयारी करू नका. पत्रात लिहिलंत तेवढं पुरे, तेच वाचून दाखवलं तरी चालेल. रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या, दृष्टीची आणि अंगाऱ्याची औषधं झाली असतील तर तीही लपवू नका, कुणी हसणार नाही. आणि विट्याची परतीची गाडी कितीची आहे ते आत गेल्या गेल्या सांगून टाका. म्हणजे घड्याळाकडे समोरचा बघेल, तुम्हाला बघत बसावं लागणार नाही.